रसायनाचं पिंप न्हावा शेव्याला पोहोचण्याआधी: सेंद्रिय रसायनांच्या आयातीचे नियम

आधी एक गैरसमज दूर करू. इथे सेंद्रिय म्हणजे सेंद्रिय शेतीतलं नव्हे. कार्बनची संयुगं, म्हणजे टोल्युइन, ॲसिटोन, मेथॅनॉल, ॲसेटिक ॲसिड, स्टायरिन, ॲनिलीन ही मंडळी. रंग, औषधं, चिकटद्रव्यं, प्लास्टिक, कीटकनाशकं या सगळ्यांचा कच्चा माल यातूनच येतो. तळोजा, तारापूर, रसायनी, लोटे परशुराम, कुरकुंभ इथल्या कितीतरी लहान कारखान्यांना महिन्याकाठी एखादा कंटेनर बाहेरून आणावा लागतो.

असा कंटेनर न्हावा शेव्याला तीन आठवडे अडकतो तेव्हा दोष क्लिअरिंग एजंटला दिला जातो. खरी चूक बहुतेक वेळा खूप आधी, खरेदीची ऑर्डर पाठवली त्या दिवशी झालेली असते. कस्टम खातं स्वतःचा कर गोळा करतंच, पण पर्यावरण, कृषी, औषध, अमली पदार्थ, स्फोटकं, मानकं अशा अर्धा डझन खात्यांचं दारही तेच राखतं. त्या खात्यांच्या बऱ्याच परवानग्या माल जहाजावर चढण्याआधी घ्यायच्या असतात. माल बंदरात आल्यावर त्यांच्यामागे धावायचं म्हणजे रोजचं भाडं भरत धावायचं.

म्हणून ऑर्डर देण्याआधी चार गोष्टी कागदावर पक्क्या असाव्यात. पदार्थ नेमका कोणता, म्हणजे त्याचा सीएएस नंबर (प्रत्येक रसायनाचा जगभर एकच असणारा ओळख क्रमांक). तो किती शुद्ध आहे आणि त्यात आणखी काय मिसळलं आहे. तो कशासाठी वापरणार. आणि तो कोणत्या कारखान्यात तयार झाला. विक्रेता कोण, हे यात मुद्दाम घेतलेलं नाही. विक्रेता दुबईचा असू शकतो आणि माल कोरियातला. नियम बहुतेक वेळा बनवणाऱ्याकडे पाहतात.

कोड कसा ठरतो

भारताच्या सीमाशुल्क दरपत्रकात सेंद्रिय रसायनांसाठी प्रकरण २९ आहे. कोड आठ अंकी असतो. टोल्युइन २९०२ ३० ००, ॲसिटोन २९१४ ११ ००, मेथॅनॉल २९०५ ११ ००, ॲसेटिक ॲसिड २९१५ २१ ००. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, शेवटचे दोन आपले. म्हणून परदेशी विक्रेत्याने बिलावर टाकलेला आठ किंवा दहा अंकी कोड जसाच्या तसा उतरवू नये. त्यातले पहिले सहा अंकही स्वतः तपासावेत, कारण चुकीच्या कोडची जबाबदारी आयातदारावर येते.

प्रकरण २९ मध्ये बसण्यासाठी पदार्थ हा एकच, रासायनिकदृष्ट्या निश्चित असं संयुग असावं लागतं. तयार होताना राहून गेलेली अशुद्धी चालते. पाण्यातलं द्रावण चालतं. टिकावं म्हणून घातलेला स्थिरक चालतो. ओळख पटावी किंवा धोका कळावा म्हणून घातलेला रंग किंवा वासही चालतो. पाण्याऐवजी दुसऱ्या द्रावकातलं द्रावण मात्र एका अटीवरच चालतं: सुरक्षेसाठी किंवा वाहतुकीसाठी ते गरजेचं असलं पाहिजे, आणि त्यामुळे माल एखाद्या खास कामासाठीच योग्य झालेला नसावा.

गोची इथेच होते. मिथाइल ॲसिटेटमध्ये थोडं मेथॅनॉल आहे. ते शुद्धीकरणात निघालं नाही म्हणून राहिलं, की द्रावक म्हणून जास्त चांगलं चालावं म्हणून मुद्दाम ठेवलं? पहिल्या बाबतीत माल प्रकरण २९ मध्ये राहतो. दुसऱ्या बाबतीत तो ३८१४ या तयार द्रावकांच्या शीर्षकाखाली जातो. बाटलीत दिसायला दोन्ही एकच. म्हणून उत्पादकाकडून प्रक्रियेची एक पानभर माहिती आधीच मागून ठेवावी. नंतर कस्टमची क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, आली की तोच कागद कामी येतो.

शुद्धतेची टक्केवारीही कोड बदलते. बेन्झीन आणि टोल्युइन वजनाने ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध असेल तर २९०२, कमी असेल तर २७०७. फेनॉलसाठी ती रेषा ९० टक्क्यांवर आहे. आणि काही पदार्थ रसायनशास्त्राने सेंद्रिय असूनही प्रकरण २९ मध्ये बसत नाहीत: इथाइल अल्कोहोल २२०७ मध्ये, युरिया कितीही शुद्ध असला तरी खतांच्या ३१०२ मध्ये, कच्चं ग्लिसरॉल १५२० मध्ये. शुद्ध ग्लिसरॉल मात्र २९०५ मध्ये परत येतं.

२०२३ पासून रसायनांच्या बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे कस्टमकडे भरायच्या आयातीच्या जाहीरपत्रात, आययूपीएसी (शास्त्रीय) नाव आणि सीएएस नंबर देणं सक्तीचं झालं आहे. फक्त व्यापारी नाव लिहून भागत नाही. हा बदल आयातदाराच्याही हिताचा आहे. आता मूल्यांकन फेसलेस असतं, म्हणजे न्हावा शेव्याला उतरलेल्या मालाची कागदपत्रं तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. त्याने पिंप पाहिलेलं नसतं. त्याच्यासमोर फक्त तुमचं वर्णन असतं. "इंडस्ट्रियल सॉल्व्हंट" लिहिलंत तर क्वेरी येणारच. "टोल्युइन, सीएएस १०८-८८-३, शुद्धता ९९.९ टक्के, रंग उत्पादनासाठी, नवीन पिंपांत" असं लिहिलंत तर विचारायला फार काही उरत नाही.

कोडबद्दल खरोखर दोन मतं असतील आणि माल वारंवार आणायचा असेल तर मुंबईच्या सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. शुल्क दहा हजार रुपये. वर्षाला दहा-बारा कंटेनर आणणाऱ्याला ही रक्कम किरकोळ आहे, तरीही फार कमी लोक हा मार्ग वापरतात.

कोणत्या खात्याला काय हवं असतं

आयातीसाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा कोड, लागतो. तो पॅनवरच आधारलेला असतो आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर अद्ययावत करावा लागतो, माहिती काही बदलली नसली तरीही. हे विसरलं तर आयईसी निष्क्रिय होतो आणि बिल ऑफ एंट्री पुढे सरकत नाही. मग डीजीएफटीच्या आयात धोरणाच्या यादीत त्या आठ अंकी कोडसमोर काय लिहिलं आहे ते पाहायचं: मुक्त, निर्बंधित की प्रतिबंधित. "मुक्त" दिसलं म्हणून सुटकेचा श्वास सोडू नये. त्याच ओळीतली धोरणाची अट आणि प्रकरणाच्या सुरुवातीच्या टिपा वाचल्याशिवाय ते उत्तर अर्धंच असतं.

अमली पदार्थांपासून सुरुवात करू, कारण इथली चूक सगळ्यात महाग पडते. ॲसेटिक ॲनहायड्राइड हे कापड, औषध आणि रंग उद्योगातलं अगदी साधं रसायन आहे. पण मॉर्फिनपासून हेरॉइन करायला तेच लागतं. इफेड्रीन आणि स्यूडोइफेड्रीन सर्दीच्या औषधात असतात, आणि त्यांच्यापासून मेथॲम्फेटामाइन बनतं. १-फिनाइल-२-प्रोपेनोनपासूनही तेच बनतं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखालच्या २०१३ च्या नियंत्रित पदार्थ आदेशानुसार अशा रसायनांच्या आयातीसाठी ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स आयुक्तांचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. ते खेपेगणिक घ्यायचं आणि माल निघण्याआधी घ्यायचं. काही पदार्थांसाठी नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोकडे नोंदणी आणि साठ्याचे तिमाही तपशीलही द्यावे लागतात. नावातल्या साम्याने फसू नये: ॲसेटिक ॲसिड वेगळं, ॲसेटिक ॲनहायड्राइड वेगळं. ऑर्डरवर नुसतं "ॲसेटिक" लिहून पाठवणाऱ्याने फार मोठा धोका पत्करलेला असतो.

औषधाचं मूळ द्रव्य असेल तर औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायदा लागू होतो. परदेशी कारखान्याची नोंदणी फॉर्म ४१ मध्ये, आयात परवाना फॉर्म १० मध्ये, आणि माल पोहोचताना त्याचं किमान ६० टक्के आयुष्य शिल्लक हवं. आता समजा तोच पदार्थ तुम्हाला औषधासाठी नको आहे, सौंदर्यप्रसाधनात किंवा पशुखाद्यात किंवा कारखान्यातल्या प्रक्रियेत वापरायचा आहे. तरी परवानगीपासून सुटका नाही. अशा दुहेरी वापराच्या पदार्थांसाठी सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेकडून "औषधासाठी वापरणार नाही" या धर्तीचं ना हरकत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि प्रत्यक्ष वापराचा हिशेब ठेवावा लागतो. सायट्रिक ॲसिडचंही असंच. खाद्यपदार्थात घालणार असाल तर एफएसएसएआय हे अन्नसुरक्षा प्राधिकरण मध्ये येतं, बॉयलरचा क्षार काढायला वापरणार असाल तर ते कागदोपत्री स्पष्ट दाखवावं लागतं. पिशवीवर "फूड ग्रेड" छापलेलं आणि बिलावर "औद्योगिक वापर" लिहिलेलं असेल तर प्रश्न उठणारच. विक्रेत्याला लेबलाबद्दल आधीच सांगून ठेवावं.

कीटकनाशक कायदा १९६८ च्या अनुसूचीतला पदार्थ असेल तर नोंदणी समितीकडे नोंदणी असल्याशिवाय आयात होत नाही. तयार फवारणीची औषधं ३८०८ मध्ये जातात, पण त्यांतलं मूळ तांत्रिक द्रव्य पुष्कळदा प्रकरण २९ मध्येच असतं. म्हणून "आम्ही तर साधं रसायन आणतोय" हा समज टिकत नाही. अनुसूचीत सीएएस नंबर आणि नाव दोन्हींनी शोधावं, कारण एकाच पदार्थाची चार-चार नावं असतात.

शीतकं आणि फोम करणारे वायू २९०३ मध्ये येतात. त्यांतल्या ओझोनला मारक पदार्थांवर २००० च्या ओझोन नियमांचं बंधन आहे आणि परवाना लागतो. एचसीएफसी-१४१बी ची आयात तर २०२० च्या सुरुवातीपासून बंदच आहे. ट्रायइथॅनॉलअमाइनसारखे काही पदार्थ रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या याद्यांत आहेत. ते आणायला बंदी नाही, पण २००० च्या कायद्याखाली माहिती द्यावी लागते, आणि तेच पुढे निर्यात करायचं झालं तर वेगळी परवानगी लागते.

पर्यावरणाच्या बाजूने १९८९ चे घातक रसायनांचं उत्पादन, साठवण आणि आयात नियम सगळ्यांना लागू पडतात. त्यांच्या पहिल्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात ६८४ रसायनांची नावं आहेत. मेथॅनॉल, बेन्झीन, टोल्युइन त्यात आहेतच. आयातदाराने नेमलेल्या प्राधिकरणाला आयातीआधी कळवायचं असतं: माल कोण घेणार, कोणत्या बंदरात उतरणार, तिथून कसा जाणार, किती आहे, आणि सुरक्षेची पूर्ण माहिती. आयात केलेल्या मालाची नोंदवहीही ठेवायची असते. वाहन उलटलं किंवा पिंप फुटलं तर नेमकं काय सांडलं हे आधीपासून कोणाला तरी माहीत असावं, हा यामागचा साधा हेतू आहे. या कळवण्याच्या पत्राला कमी लेखू नका.

एकदा वापरलेलं द्रावक स्वस्तात मिळतंय म्हणून आणायचा विचार असेल तर थांबा. ते रसायन राहत नाही, घातक कचरा होतो, आणि २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांखाली जातं. तिथली वाट निराळी आणि अरुंद आहे. ताजं म्हणून दाखवून वापरलेलं आणलं तर प्रयोगशाळेत रंग, पाणी आणि उरलेले अवशेष ते लगेच सांगतात.

ज्वालाग्राही द्रवांमध्ये एक बारकावा नेहमी निसटतो. पेट्रोलियम कायदा हायड्रोकार्बनना लागू होतो. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटते) सुमारे ४ अंश सेल्सिअस, म्हणजे २३ अंशांच्या खाली, म्हणून तो अ वर्गात. २३ ते ६५ मध्ये ब वर्ग, ६५ ते ९३ मध्ये क वर्ग. अ वर्गाचा विनापरवाना साठा फक्त ३० लिटरपर्यंत चालतो, आणि एकच पिंप २०० लिटरचं असतं. म्हणून नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेचा साठवणुकीचा परवाना माल येण्याआधी हातात हवा. मेथॅनॉल तितकंच पेटतं, पण ते हायड्रोकार्बन नाही, अल्कोहोल आहे. त्याला हा कायदा लागत नाही, तर विषारी पदार्थांचा कायदा लागतो, आणि महाराष्ट्रात ते बाळगायला आणि विकायला परवाना लागतो. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्या दारूत मेथॅनॉल होतं. त्या परवान्याच्या नोंदवहीत एकेक लिटरचा हिशेब का मागतात, हे यावरून समजावं.

बीआयएस: कारखाना बदलला की परवाना गेला

अलीकडच्या वर्षांत सगळ्यात जास्त कंटेनर अडकले ते गुणवत्ता नियंत्रण आदेशांमुळे. रसायन मंत्रालयाने २०१९ मध्ये ॲसेटिक ॲसिड, ॲनिलीन आणि मेथॅनॉलवर असे आदेश काढले, पुढे यादी वाढली. आदेश लागू असलेलं रसायन भारतात यायचं तर ते बनवणाऱ्या परदेशी कारखान्याकडे भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएसचा) परवाना हवा आणि पिंपावर आयएसआय चिन्ह व परवाना क्रमांक हवा.

परवाना कारखान्याला मिळतो, कंपनीला नव्हे. एकाच कंपनीचे दोन देशांत दोन कारखाने असतील आणि परवाना पहिल्याकडे असेल, तर दुसऱ्यातून आलेला माल त्या आदेशाच्या नजरेत विनापरवाना असतो. आयातदाराला स्वतःसाठी हा परवाना काढता येत नाही. अर्ज परदेशी उत्पादकानेच करायचा, भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमायचा, तपासणीचा खर्च सोसायचा आणि दहा हजार डॉलरची बँक हमी द्यायची. यात महिने जातात. वर्षाला दोन कंटेनर घेणाऱ्या लहान ग्राहकासाठी कुठलाही मोठा उत्पादक एवढा खटाटोप करत नाही. म्हणून आधी परवानाधारक कारखाना शोधायचा, मग भाव करायचा.

हे आदेश बदलत राहतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये टेरेफ्थॅलिक ॲसिड आणि इथिलीन ग्लायकॉलवरचे आदेश काही पॉलिमरांसोबत मागे घेतले गेले. तुमच्या पदार्थावरचा आदेश आज जिवंत आहे का, त्याची लागू होण्याची तारीख पुढे ढकलली आहे का, आणि निर्यातीच्या मालासाठी कच्चा माल करमुक्त आणू देणाऱ्या ॲडव्हान्स ऑथरायझेशनवर सूट आहे का, हे ऑर्डर देण्याच्या दिवशी राजपत्रात पाहावं. गेल्या वर्षीच्या खेपेच्या अनुभवावर भिस्त ठेवू नये.

कराचा हिशेब

समजा मालाचं करपात्र मूल्य दहा लाख रुपये आहे, मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के. प्रकरण २९ मध्ये हे दर बऱ्याच ठिकाणी भेटतात, पण प्रत्येक कोडचा दर आणि सवलतीची अधिसूचना वेगळी तपासावी.

मूळ शुल्क ७५,००० रुपये. समाजकल्याण अधिभार हा मूळ शुल्काच्या दहा टक्के, मालाच्या किमतीच्या नव्हे, म्हणजे ७,५००. आता आयजीएसटी या सगळ्या बेरजेवर, म्हणजे १०,८२,५०० वर: १,९४,८५०. एकूण २,७७,३५० रुपये. यातले १,९४,८५० जीएसटीच्या इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतात, पण रोख रक्कम आधी गुंतते. खरा खर्च ८२,५०० रुपयांचा. माल महाग पडतो की नाही हे या आकड्यावर ठरवा, आणि बँकेत किती पैसे तयार ठेवायचे हे पूर्ण आकड्यावर.

करपात्र मूल्यात मालाची किंमत, भाडं आणि विमा येतात. एफओबी, म्हणजे भाडं आणि विमा न धरलेल्या भावाने माल घेतला आणि भाड्याचा पुरावा दिला नाही तर नियमानुसार एफओबीच्या २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा धरला जातो. दहा हजार डॉलरच्या मालावर २,००० डॉलर भाडं. प्रत्यक्षात ६०० डॉलरच दिले असतील तर उरलेल्या १,४०० डॉलरवर फुकट कर भरला. भाड्याची पावती बिल ऑफ एंट्रीसोबत जोडायला विसरणं इतकं महागात पडतं. परदेशी विक्रेता तुमचाच भागीदार किंवा पालक कंपनी असेल तर किमतीची वेगळी चौकशी होते, त्यासाठी करारपत्रं आधीच तयार ठेवावीत.

त्यावर अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे परदेशी माल अवाजवी स्वस्तात ओतला जाऊ नये म्हणून लावलेलं जादा शुल्क, असू शकतं. हे टक्केवारीत नसून बहुधा टनामागे डॉलरमध्ये असतं, आणि देश, निर्यातदार, उत्पादक यांच्या जोडीवर ठरतं. उदाहरणापुरता टनामागे १०० डॉलर दर धरू. ८० पिंपांच्या कंटेनरमध्ये १४.४ टन माल असेल तर १,४४० डॉलर. त्यावर समाजकल्याण अधिभार लागत नाही, पण आयजीएसटी लागतो. एका उत्पादकाला कमी दर आणि "इतर सर्व" ना जास्त दर, अशी रचना असते. उत्पादकाचं नाव बिलावर आणि मूळ देशाच्या दाखल्यावर अक्षरशः तेच नसेल तर वरचा दर बसतो. कंपनीचं नाव मध्यंतरी बदललं असेल तर त्याचा कागद मागून घ्या.

आसियान, कोरिया, जपान यांच्याशी असलेल्या करारांमुळे मूळ शुल्क कमी किंवा शून्य होऊ शकतं. पण सप्टेंबर २०२० पासून नुसता दाखला पुरत नाही. माल खरोखर तिथे बनला का, याची किमान माहिती आयातदाराकडे असलीच पाहिजे. आसियान करारात ३५ टक्के मूल्य तिथलं असावं लागतं आणि कच्च्या मालाचा सहा अंकी कोड बदललेला असावा लागतो. रसायनात याचा अर्थ स्पष्ट होतो: दुसऱ्या देशातून टँकरने आणून फक्त पिंपांत भरलेला माल पात्र ठरत नाही. विक्रेता उत्पादनाची माहिती द्यायला टाळाटाळ करत असेल तर सवलत मागूच नये. नंतर ती नाकारली गेली की फरक, व्याज आणि दंड तिन्ही भरावे लागतात.

जहाज येण्याआधीचा दिवस

बिल ऑफ एंट्री जहाज पोहोचण्याच्या आदल्या दिवसअखेरपर्यंत भरायचं असतं. सुट्टीचा दिवसही धरला जातो. तीस दिवस आधीपासून भरता येतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. पाच दिवस उशीर म्हणजे ३५,००० रुपये, आणि यात बंदराचं भाडं धरलेलंच नाही. मूल्यांकन होऊन बिल ऑफ एंट्री परत आल्यावर पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत कर भरला नाही तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज सुरू होतं.

कागद ई-संचित या कस्टमच्या ऑनलाइन यंत्रणेवर चढवायचे: विक्रेत्याचं बिल, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लॅडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), विश्लेषण प्रमाणपत्र, सुरक्षा माहितीपत्रक, मूळ देशाचा दाखला, आणि वर सांगितलेल्यांपैकी लागू असतील ते परवाने. यात सगळ्यात जास्त घोळ विश्लेषण प्रमाणपत्राचा होतो. त्यावरचा बॅच नंबर पिंपावरच्या नंबराशी जुळत नाही, कारण विक्रेत्याने जुनंच पान पाठवलेलं असतं. माल भरतानाचे पिंपांच्या लेबलांचे फोटो मागून घ्या आणि कागद चढवण्याआधी स्वतः ताडून पाहा. निव्वळ वजन, पिंपांची संख्या आणि यूएन नंबर (घातक मालाच्या वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) सगळ्या कागदांवर एकच हवेत. टोल्युइनचा यूएन नंबर १२९४, ॲसिटोनचा १०९०, मेथॅनॉलचा १२३०, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडचा २७८९. यूएन नंबर चुकला तर प्रश्न कस्टमपुरता राहत नाही, जहाज कंपनी आणि बंदरही घातक माल चुकीचा जाहीर केला म्हणून दंड लावतात. ज्वालाग्राही माल फ्लेक्सिटँकमधून, म्हणजे कंटेनरमध्ये बसवलेल्या मोठ्या लवचीक पिशवीतून, आणायचा प्रस्ताव आला तर सरळ नकार द्या. घातक द्रवासाठी ती पिशवी नसते.

कर भरायला लगेच पैसे नसतील तर माल बॉन्डेड गोदामात, म्हणजे कस्टमच्या देखरेखीखालच्या गोदामात, ठेवता येतो. कराच्या तिप्पट रकमेचा बॉन्ड (हमीपत्र) द्यायचा, लागेल तसा थोडा थोडा माल एक्स-बॉन्ड बिलाने काढायचा. ९० दिवसांनंतर व्याज लागू होतं. गोदामाला तुमच्या वर्गाचं रसायन ठेवायची परवानगी आहे का, हे आधी विचारा. सगळ्याच बॉन्डेड गोदामांना ती नसते.

नमुना आणि प्रयोगशाळा

संगणकाने कंटेनर तपासणीसाठी निवडला, किंवा अधिकाऱ्याला वर्णनाबद्दल शंका आली, की नमुना घेतला जातो आणि सीमाशुल्काच्या प्रयोगशाळेत जातो. अहवालाला वेळ लागतो. तोवर माल अडकवून ठेवायची गरज नाही. कलम १८ खाली तात्पुरतं मूल्यांकन मागून, बॉन्ड देऊन माल सोडवता येतो. ही विनंती आयातदाराने स्वतःहून करावी लागते. अनेक जण ती न करता अहवालाची वाट पाहतात आणि कंटेनरचं डिटेन्शन (जहाज कंपनीचं विलंबभाडं) चढत राहतं. मालाला लागणारी परवानगीच हातात नसेल तर मात्र हा मार्ग चालत नाही.

नमुना घेताना आपला माणूस हजर असावा, आणि त्याला रसायन कळत असावं. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड १६.६ अंशांना गोठतं. थंड देशातून हिवाळ्यात आलेल्या पिंपात अर्धं घट्ट, अर्धं पातळ असतं. वरचं पातळ तेवढं काढलं तर त्यात पाण्याचं प्रमाण जास्त निघतं आणि शुद्धता कमी दिसते. पिंप पूर्ण वितळवून, हलवून, तळापासून वरपर्यंत नळीने नमुना घ्यायला हवा. फेनॉल ४० अंशांच्या आसपास वितळतं, त्यालाही हेच लागू. अहवाल विरुद्ध गेला तर राखून ठेवलेल्या नमुन्याची फेरतपासणी मागता येते. ती मागण्याआधी पहिला नमुना कसा घेतला होता याची लेखी नोंद आपल्याकडे असेल तर बाजू भक्कम होते.

टँकर जहाजातून सुटा द्रव येतो तेव्हा प्रमाणाचा वाद होतो. बिल ऑफ लॅडिंगवर एक आकडा, किनाऱ्याच्या टाकीत दुसरा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानंतर आणि २०१६ च्या परिपत्रकानंतर किनाऱ्याच्या टाकीत प्रत्यक्ष मिळालेलं प्रमाण धरलं जातं. टाकीत न जाता माल थेट निघाला तर जहाजावरची अलेज मोजणी (टाकीतल्या वरच्या रिकाम्या जागेवरून काढलेलं प्रमाण) धरतात. म्हणून स्वतंत्र सर्व्हेअरचा अहवाल, तापमान आणि घनतेच्या नोंदींसह, जपून ठेवावा.

स्टायरिन आणि व्हिनाइल ॲसिटेटसारख्या मोनोमरांची काळजी वेगळी. ते स्वतःशीच जोडले जाऊन घट्ट होऊ नयेत म्हणून स्थिरक घातलेला असतो. स्टायरिनमध्ये तो टर्शरी ब्युटाइल कॅटेकॉल, नेहमीच्या मालात १० ते १५ पीपीएम. तो उष्णतेने संपत जातो, आणि काम करायला त्याला विरघळलेला ऑक्सिजन लागतो, म्हणून अशा टाकीत नायट्रोजन भरून हवा हाकलणं उलटं पडतं. मे महिन्यात उन्हात तापलेल्या यार्डात पंधरा दिवस क्वेरीपायी पडून राहिलेल्या कंटेनरचं नुकसान डिटेन्शनच्या बिलापेक्षा मोठं असू शकतं. असा माल उन्हाळ्यात आणायचा असेल तर भरतानाचं स्थिरकाचं प्रमाण प्रमाणपत्रावर लिहून घ्या, आणि पिंप कारखान्यात आल्यावर वापरण्याआधी ते पुन्हा मोजा.

आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडल्याचा कस्टमचा आदेश, मिळाला तरी फाइल बंद करू नये. कागद पाच वर्षं जपावे लागतात. साध्या चुकीसाठी कराची मागणी दोन वर्षांपर्यंत येऊ शकते, माहिती लपवल्याचा ठपका असेल तर पाच वर्षांपर्यंत. प्रत्येक खेपेची एक फाइल असावी: प्रक्रियेचं पान, पिंपांचे फोटो, बॅचचं विश्लेषण, भाड्याची पावती, परवान्यांच्या प्रती आणि तो माल कारखान्यात कुठे वापरला याची नोंद. आपल्याच हाताने चूक सापडली तर कलम १४९ खाली बिल ऑफ एंट्रीत दुरुस्ती मागता येते, आणि फरकाची रक्कम व्याजासह स्वतःहून भरता येते. ऑडिटचं पत्र येण्याआधी हे केलं तर दंडाचा प्रश्न पुष्कळ सौम्य होतो.